यंत्राचा नकार

पावसाळा ओसरतो, उसाचा हंगाम तोंडावर येतो आणि कोल्हापूर-सांगली भागातील शेतकरी घरांतून ट्रॅक्टर व ट्रॉल्या बाहेर निघतात. चार महिने उभ्या राहिलेल्या चाकांतील हवा उतरलेली असते. घरच्या गॅरेजमधील हवेचा कॉम्प्रेसर अशाच प्रसंगासाठी घेतलेला असतो. त्याचा प्लग बोर्डात बसवला जातो, प्रेशर स्विचचे लाल बटण वर ओढले जाते आणि यंत्र चालू होत नाही. कधी ते अगदी मूक राहते, कधी नुसते घुमते, तर कधी दोन फेरे मारून थांबते. अशा वेळी घरोघरी दोनच गोष्टी घडताना दिसतात. एक तर बटण पुनःपुन्हा खालीवर केले जाते. नाही तर ‘मोटर जळली’ असा निकाल देऊन ती रिवाइंडिंगला पाठवली जाते. पहिल्या प्रकारात चांगली मोटर खरोखरच जळण्याची शक्यता असते आणि दुसऱ्यात विनाकारण खर्च होतो.

वास्तविक घरगुती कॉम्प्रेसर हे फारसे गुंतागुंतीचे यंत्र नव्हे. एक मोटर, पट्ट्याने फिरणारा पंप आणि हवा साठवणारी टाकी एवढाच त्याचा प्रपंच असतो. या तिघांवर लक्ष ठेवण्यासाठी काही पहारेकरी नेमलेले असतात. दाब पुरेसा झाला की मोटर थांबवणारा प्रेशर स्विच, मोटर तापली की वीज तोडणारा ओव्हरलोड, टाकीतील हवा मागे येऊ न देणारा एनआरव्ही, थांबल्यावर पंपावरील दाब सोडून देणारा अनलोडर आणि सर्वांत शेवटी टाकीचे रक्षण करणारा सेफ्टी व्हॉल्व्ह. यांपैकी काहींचे कामच मुळी ‘नाही’ म्हणणे हे आहे. म्हणून यंत्र चालू झाले नाही तर पहिला प्रश्न असा असावा, की हा बिघाड आहे की इशारा? या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत कोणत्याही पहारेकऱ्याला बाजूला सारू नये.

पुढील विवेचनात २ अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर, १०० लिटरची टाकी आणि ६ बार दाबाला मोटर चालू करून ८ बारला थांबवणारा स्विच, असा सर्वसाधारण कॉम्प्रेसर गृहीत धरला आहे. एक बार म्हणजे चौरस इंचाला सुमारे साडेचौदा पौंड. ज्यांच्या यंत्राचे आकडे वेगळे असतील त्यांनी पाटीवर पाहून हिशोब बदलून घ्यावा.

आधी टाकी, मग मोटर

तपासणीची सुरुवात मोटरपासून करण्याची घाई बहुतेकांना होते. ती करू नये. १०० लिटरच्या टाकीत ८ बार दाबाची हवा असेल, तर ती एकदम मोकळी झाल्यास सुमारे १०० किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडू शकते. एक टन वजन तीन मजली इमारतीइतके उंच उचलण्यास जेवढी ऊर्जा लागेल तेवढी ही होय. टाकी निमूट दिसते म्हणून ती रिकामी आहे असे समजू नये. वीज बंद केल्याने मोटर थांबते, दाब तसाच राहतो.

म्हणून प्रथम प्लग काढून हाताच्या अंतरावर, डोळ्यांसमोर ठेवावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण घरातील कोणीही ते नकळत चालू करू शकतो. त्यानंतर दाबमापकाचा आकडा पाहून कागदावर लिहून ठेवावा. हा आकडा पुढील निदानासाठी उपयोगी पडतो. यंत्र उघडायचे झाल्यास टाकीखालचा ड्रेन कॉक सावकाश ढिला करून दाब शून्यावर आणावा. हवेबरोबर गंजाचे पाणी जोराने बाहेर येते, तेव्हा चेहरा दूर ठेवावा आणि मुलांना गॅरेजबाहेर पाठवावे.

काहीच आवाज नसेल तर

यंत्र अगदी मूक असेल, तर मोटरपर्यंत वीज पोहोचत नाही असा अर्थ निघतो. याचे सर्वांत निरुपद्रवी कारण दाबमापकावरच दिसते. टाकीत आधीचीच हवा शिल्लक असेल आणि काटा ७ बारवर असेल, तर मोटर चालू होणारच नाही. ती ६ बारपर्यंत दाब उतरण्याची वाट पाहत असते. थोडी हवा सोडून काटा खाली आणला की ती आपोआप सुरू होते. हा बिघाड नव्हेच, तरीही या एका कारणासाठी मेकॅनिकला बोलावणारी घरे आढळतात.

काटा शून्यावर असूनही यंत्र मूक असेल, तर विजेच्या वाटेने एकेक पायरी तपासत जावे. जमाखर्चाचा मेळ बसत नाही तेव्हा जाणकार कारकून सगळी वही नव्याने लिहीत नाही. तो पहिल्या नोंदीपासून क्रमाने खुणा करीत जातो. येथेही तीच रीत लागू पडते. एमसीबी पडला आहे काय? बोर्डात दुसरे उपकरण चालते काय? प्लगच्या पिना काळवंडल्या आहेत काय? या आकाराची मोटर चालताना सुमारे १० अँपिअर वीज घेते, म्हणून तिला १६ अँपिअरचेच सॉकेट हवे. दिव्या-पंख्याच्या ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये तडजोडीचा प्लग लावून ती चालवली, तर आज ना उद्या सॉकेट वितळते.

बोर्ड ठीक असेल तर ओव्हरलोडचे छोटे बटण पाहावे. ते मोटरवर किंवा प्रेशर स्विचजवळ असते. मोटर तापल्यामुळे ते बाहेर आले असेल, तर अर्धा तास मोटर निवू द्यावी आणि मगच ते एकदा दाबावे. पुन्हा बाहेर आले तर तिसऱ्यांदा दाबू नये. तापण्याचे कारण शोधावे.

एवढ्यानंतरही यंत्र मूक असेल, तर संशय प्रेशर स्विचमधील संपर्कांवर येतो. हजारो वेळा उघडझाप होऊन आणि प्रत्येक वेळी बारीक ठिणगी पडून ते काळे पडतात. त्यांची तपासणी मीटर वापरता येणाऱ्या वायरमनकडून करून घ्यावी. संपर्क फार झिजले असतील तर ते घासत बसण्यापेक्षा त्याच दाबाचा नवा स्विच बसवणे श्रेयस्कर.

घुमते, पण फिरत नाही

हा प्रकार सर्वाधिक आढळतो आणि मोटरला सर्वाधिक घातक ठरतो. अडकून पडलेली मोटर नेहमीच्या पाच-सहापट वीज ओढते आणि काही सेकंदांतच वाइंडिंग तापू लागते. घुमण्याचा आवाज येताच बटण बंद करावे. ‘थोडा वेळ राहू दे, धरेल’ या आशेवर अनेक मोटरी जळाल्या आहेत. फ्लायव्हीलला हाताने झटका देऊन ती फिरवण्याची युक्ती तर कोणीही करू नये. मोटर अकस्मात धरते आणि पट्ट्यात बोटे जातात.

प्लग काढून, टाकी रिकामी करून, फ्लायव्हील हाताने फिरवून पाहावे. ते अजिबात हलत नसेल, तर दोष पंपात आहे. तेल आटलेले असते किंवा पावसाळ्यातील दमटपणाने सिलिंडरमध्ये गंज धरलेला असतो. ते सहज फिरत असेल, तर पंप निर्दोष समजून पुढील तीन कारणांकडे वळावे.

पहिले कारण कमी व्होल्टेजचे. येथे एक हिशोब उपयोगी पडेल. चालू होण्याच्या क्षणी ही मोटर सुमारे ५० अँपिअर मागते. ती बोर्डापासून दूर अंगणात नेण्यासाठी १ चौरस मिलिमीटरची ३० मीटर लांब वायर वापरली, तर जाऊन-येऊन ६० मीटर तांब्यात १ ओहमहून थोडा अधिक विरोध असतो. परिणामी बोर्डावर २३० व्होल्ट असले तरी मोटरपर्यंत १९० ते १९५ एवढेच पोहोचतात. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून तो सुमारे ७० टक्क्यांवर येतो. गावात संध्याकाळी मुळातच व्होल्टेज उतरलेले असेल, तर उरलेला जोर पंप ढकलण्यास अपुरा पडतो. उपाय सोपा आहे. कॉम्प्रेसर बोर्डाजवळच ठेवावा आणि हवेचा पाइप लांब घ्यावा. वायर लांबवणे अटळच असेल, तर ती २.५ चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नसावी.

दुसरे कारण कपॅसिटरचे. सिंगल फेज विजेने मोटर फिरत राहू शकते, परंतु स्थिर अवस्थेतून स्वतः फिरू लागू शकत नाही. तिला सुरुवातीचा धक्का कपॅसिटर देतो आणि वेग आला की मोटरमधील एक स्विच त्याला बाजूला करतो. कपॅसिटर फुगलेला, तडकलेला किंवा तेलकट झालेला दिसला, तर तो निकामी समजावा. मात्र बाहेरून धड दिसणाराही आतून अशक्त असू शकतो. तो मीटरवरच कळतो. प्लग काढल्यानंतरही त्याच्यात वीज साठून राहते, म्हणून त्याच्या टोकांना हात लावू नये. बदलताना मायक्रोफॅरड आणि व्होल्टेज हे दोन्ही आकडे पाहूनच नवा घ्यावा.

तिसरे कारण पंपावर कोंडलेल्या दाबाचे. कॉम्प्रेसर ८ बारला थांबतो तेव्हा एक-दोन सेकंद ‘फुस्स’ असा आवाज येतो. हा अनलोडरचा आवाज होय. तो पंपाच्या डोक्यावरील हवा सोडून देतो, त्यामुळे पुढच्या वेळी मोटर हलक्या पंपावर सुरू होते. हा आवाज येईनासा झाला, तर अनलोडर अडकला आहे. आवाज थांबतच नसेल, तर एनआरव्ही नीट बसत नाही आणि टाकीतील हवा मागे येते आहे. टाकी रिकामी असताना यंत्र चालू होते, पण अर्धी भरल्यावर थांबवून पुन्हा चालू केले की घुमते, असे आढळल्यास या दोघांची आणि त्यांच्याबरोबर कपॅसिटरची तपासणी करावी. पुष्कळदा एनआरव्हीमधील छोट्या चकतीवरचा कार्बन काढला एवढ्यावरच काम भागते. मात्र तो उघडण्यापूर्वी टाकीतील दाब शून्यावर आणलेलाच असावा.

फिरून बंद पडणाऱ्या यंत्राची कारणेही बहुधा हीच असतात. त्यात एक भर घालावी लागेल. आरसीसीबी पडत असेल, तर वीज कोठेतरी यंत्राच्या सांगाड्यात उतरते आहे. पावसाळ्यात दमट झालेल्या वाइंडिंगमुळे असे घडते. त्या वेळी आरसीसीबी वगळून यंत्र चालवणे म्हणजे पुढच्या स्पर्शाला आमंत्रण देणे होय. अर्थिंग तपासून आणि मोटर वायरमनकडून मेगरवर पारखून मगच ती चालू करावी.

नको तेथे बिऱ्हाड

चार महिने बंद असलेल्या यंत्रात केवळ गंजच नव्हे, जीवही वस्तीला आलेले असतात. प्रेशर स्विचच्या झाकणाखाली मुंग्यांची रांग लागते. वायर आत जाण्याच्या भोकातून पालीचे पिल्लू शिरते. हवा आत घेणाऱ्या तोंडाशी कुंभारीण माशी मातीचे घर बांधते. स्विचच्या संपर्कांमध्ये एखादा जीव चिरडला गेला की मोटरपर्यंत वीज जात नाही, आणि ज्याला माणूस ‘बिघाड’ म्हणतो तो मुळात एका प्राण्याचा मृत्यू असतो.

तत्त्वार्थसूत्राने हिंसेच्या व्याख्येत प्रमादाला मध्यवर्ती स्थान दिले आहे. सावधपणाच्या अभावी प्राणघात घडला, तर तो केवळ अपघात म्हणून सोडून देता येत नाही. वस्तू उचलताना आणि ठेवताना जागा पाहून घ्यावी, हा यत्नाचार श्रावकाला अपरिचित नाही. मुनींच्या हाती पिंछी असते ती याच हेतूने. हंगामाच्या पहिल्या दिवशी बटण ओढण्यापूर्वी प्लग काढलेल्या स्थितीत झाकण उघडून, मऊ कुंचल्याने आतील जागा झाडून घेणे हा त्याच आचाराचा गॅरेजमधला अवतार समजावा. मुंग्या असतील तर झाकण उघडे ठेवून यंत्र काही तास तसेच राहू द्यावे. उजेड आणि वारा लागला की त्या बहुधा स्वतःच निघून जातात. पुढच्या वर्षासाठी वायरच्या भोकाला रबरी बूच बसवावे आणि यंत्र कापडाने झाकून ठेवावे. जीवही वाचतात आणि स्विचही.

गळणारी हवा

बिघाडाचे मूळ पुष्कळदा बंद पडण्याच्या दिवशी नसते; ते आधीच्या अनेक महिन्यांच्या निष्काळजीपणात असते. समजा, पाइपच्या जोडातून बारीक हवा गळते आणि दर दहा मिनिटांनी दाब ८ वरून ६ बारवर येतो. बटण चालू ठेवून घरची मंडळी निघून गेली, तर मोटर तासाला ६ वेळा आणि दिवसरात्रीत १४४ वेळा सुरू होईल. प्रत्येक वेळी गळालेली २०० लिटर हवा भरण्यास सव्वा मिनिट धरले, तरी दिवसाकाठी तीन तास मोटर चालते आणि सुमारे ५ युनिट वीज खर्च होते. या व्यवहारात पदरी काहीच पडत नाही. उलट प्रत्येक वेळी कपॅसिटरला झटका बसतो, स्विचच्या संपर्कावर ठिणगी पडते आणि यंत्राचे आयुष्य तेवढे उणे होते.

आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचार’मध्ये अनर्थदंडाचे जे पाच प्रकार सांगितले, त्यांत प्रमादचर्या हा एक आहे. पृथ्वी, पाणी, अग्नी आणि वायू यांचा निष्प्रयोजन आरंभ त्यात मोडतो. पाणी वाया घालवू नये हे घरोघरी सांगितले जाते. वाऱ्याचा उल्लेख मात्र सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. गळणारा कॉम्प्रेसर हे त्याचे अगदी नेमके उदाहरण ठरावे. गळती शोधणे अवघड नाही. टाकी भरून मोटर बंद करावी, जोडांवर साबणाचे पाणी लावावे आणि बुडबुडे कोठे येतात ते पाहावे. काम संपले की प्लग काढण्याची सवय लावली, तर निम्मे बिघाड उद्भवतच नाहीत.

पहारेकऱ्याला गप्प करू नये

हंगामाची घाई असते, मेकॅनिक दोन दिवस येणार नसतो आणि अशा वेळी एखादा हितचिंतक सल्ला देतो : प्रेशर स्विचच्या वायरी थेट जोडून घ्या, आजचे काम तर उरका. सल्ला मोहात पाडणारा असतो, कारण यंत्र त्याने खरोखर चालू होते. परंतु आता ८ बारला ते थांबवणारे कोणी उरलेले नसते. टाकी भरत राहते आणि सर्व भिस्त एकट्या सेफ्टी व्हॉल्व्हवर येते. तो वर्षानुवर्षे तपासलेला नसेल, गंजून चिकटलेला असेल किंवा ‘हवा गळते’ म्हणून कोणी बूच मारून बंद केला असेल, तर पुढे टाकीचा पत्रा आणि आसपासची माणसे एवढेच उरते.

त्या पत्र्याची अवस्थाही बाहेरच्या रंगावरून कळत नाही. पावसाळी, ३० अंशांच्या हवेत ही टाकी एकदा भरली, की मोठा चमचाभर पाणी तळाशी जमते. ते रोज काढले नाही तर पत्रा आतून, खालच्या बाजूने खाल्ला जातो. म्हणून प्रत्येक वापरानंतर ड्रेन कॉक उघडावा आणि सेफ्टी व्हॉल्व्हची कडी अधूनमधून ओढून तो मोकळा असल्याची खात्री करावी. टाकीला छिद्र पडले तर वेल्डिंगचे ठिगळ लावू नये. एके ठिकाणी छिद्र पडते तेव्हा आसपासचा पत्राही पातळ झालेला असतो. अशी टाकी भंगारात द्यावी, आणि देण्यापूर्वी तिला आणखी एक भोक पाडून ठेवावे, म्हणजे ती दुसऱ्या कोणाच्या गॅरेजमध्ये पुन्हा उभी राहणार नाही. त्याचप्रमाणे हवेचा पाइप थट्टेतही कोणाच्या अंगावर रोखू नये. शरीरात शिरलेली दाबाची हवा प्राणघातक ठरते, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

खर्चाचा विचार केला तरी निर्णय हाच येतो. कपॅसिटर किंवा एनआरव्हीची चकती काही शे रुपयांत मिळते, प्रेशर स्विचही आवाक्यात असतो, तर मोटरचे रिवाइंडिंग काही हजारांत जाते. क्रमाने तपासणी करण्यास फार तर एक सकाळ लागते. त्या सकाळी ट्रॉलीची चाके गावातल्या पंक्चरच्या दुकानातून भरून आणावीत. हंगाम एका दिवसाने अडत नाही.

हा क्रम एका कागदावर लिहून कॉम्प्रेसरजवळच्या भिंतीवर लावावा : प्लग, दाबमापक, ड्रेन कॉक, झाकणाखालचे जीव, बोर्ड, ओव्हरलोड, फ्लायव्हील, वायर, कपॅसिटर, अनलोडर व एनआरव्ही. शेवटी वायरमनचा दूरध्वनी क्रमांक असावा. घरातील मुलाला किंवा सुनेला तो एकदा प्रत्यक्ष करून दाखवावा. यंत्र चालवणारे हात बदलतात, तेव्हा लिहून ठेवलेली सावधगिरीच पुढच्या हातांच्या उपयोगी पडते.